भेंडीची तार

भेंडी चिरतांना तिला जी तार सुटते तिच्याविषयीं आमच्या वाङ्मयांत कोणी चार ओळी लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. कमलतंतूंस कवींनीं केव्हांच प्रतिष्ठा दिली. कोळ्याच्या धाग्यानें तर उपनिषदांपर्यंत मजल मारली. पण भेंडीची तार स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून कधीं बाहेर पडली नाहीं. गृहिणीच्या दृष्टीनें ती एक पीडाच. विळीच्या पात्याला ती चिकटते, बोटांना चिकटते, भाजी गिळगिळीत करून टाकते, आणि मग तिचा बंदोबस्त करण्यासाठीं आमसूल, ताक किंवा चिंचेचा कोळ यांना पाचारण करावें लागतें. आम्ही मात्र गेलीं कित्येक वर्षें या तारेचे भक्त आहों, आणि ही भक्ति आमच्या घरीं थट्टेचा विषय होऊन बसली आहे.

या भक्तीचें कारण असें. तांब्यांतून पाण्याची बारीक धार धरली तर ती थोडें अंतर एकसंध जाते आणि मग तिचे थेंब होतात. पाण्याचा पृष्ठभाग आपलें क्षेत्र कमी करण्यास नेहमींच उत्सुक असतो. धार जेथें किंचित् बारीक होते तेथें तो तिचा गळा आवळतो, आणि पाहतां पाहतां धारेचे मणी होतात. भेंडी भिजलेलें पाणी दिसण्यांत साध्या पाण्याहून फारसें निराळें नसतें. पण त्यांत बोट बुडवून वर काढावें तों टीचभर तार निघते, आणि ती तुटतां तुटत नाहीं. तान्ह्या मुलाच्या ओठावरून लोंबणारी लाळ हीही त्याच कुळांतली. येथें कोणी म्हणेल कीं साखरेच्या पाकालाही तार येते. येते खरी, पण ती निव्वळ दाटपणाची तार. पाक आटवून इतका घट्ट केलेला असतो कीं त्याला वाहून जाण्यास वेळ लागतो, आणि त्या विलंबालाच आपण तार म्हणतों. भेंडीच्या पाण्यांत दाटपणा बेताचाच असतो. तेथें तार धरून ठेवणारें कोणी तरी आंत बसलेलें असतें.

तें कोणी तरी म्हणजे एक अतिशय लांब रेणु. शर्करेच्या जातीचे लहान लहान घटक मोठ्या संख्येनें एकापुढें एक जोडले जाऊन तो झालेला असतो. अशा रेणूला पॉलिमर म्हणतात. परिभाषाकारांनीं त्याला 'बहुवारिक' असें नांव दिलें आहे. पण तें कोणाच्या तोंडीं बसलेलें दिसत नाहीं, म्हणून आम्ही नुसतें 'सांखळी' म्हणूं. रबर, रेशीम, कापूस, लोकर, प्लॅस्टिक, पिठांतील स्टार्च, आपल्या पेशींतील डीएनए, हें सारें या सांखळ्यांचेंच राज्य आहे. आज शाळेंतील मूलही हें सांगतें. परंतु १९२० सालीं हर्मन स्टाउडिंगर या जर्मन रसायनज्ञानें जेव्हां असें प्रतिपादन केलें कीं हे खरोखरच एकेक प्रचंड रेणु आहेत, लहान रेणूंचे सैल पुंजके नव्हेत, तेव्हां त्याच्या समव्यवसायी पंडितांनीं नकारार्थी माना हलविल्या. एवढा मोठा रेणु असूं शकतो ही कल्पनाच त्यांना अप्रशस्त वाटली. स्टाउडिंगरला या वादांत आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालवावीं लागलीं, आणि नोबेल पारितोषिक मिळालें तें १९५३ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं. पंडितांच्या मनाचा दाटपणा कोणत्या एककांत मोजावा हें पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत दिलेलें नाहीं.

अशी सांखळी पाण्यांत सोडली म्हणजे ती राहते कशी? स्वतः स्टाउडिंगर तिला ताठ काठीसारखी समजत असे. १९३४ सालीं वेर्नर कून यानें दाखवून दिलें कीं ती विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखी राहते, आणि हा गुंतवळ क्षणभरही स्वस्थ नसतो. पाण्याचे रेणु उष्णतेमुळें अखंड थरथरत असतात व सांखळीच्या प्रत्येक दुव्याला चोहोंकडून धक्के देत असतात. जत्रेच्या गर्दींत एकमेकांचे हात धरून चाललेली मुलांची रांग डोळ्यांपुढें आणावी. ज्याला जिकडे धक्का बसेल तिकडे तो वळणार; हात सुटूं द्यावयाचे नाहींत एवढीच काय ती अट. ती रांग सरळ राहील काय? सरळ राहण्याची रीत एकच. गुंतून राहण्याच्या रीती मोजतां येणार नाहींत इतक्या. म्हणून सांखळी गुंतते. तिला गुंतण्याची आवड आहे असें नव्हे. हिशेब करून पाहिलें तर दहा हजार दुव्यांच्या सांखळीचीं दोन टोकें एकमेकांपासून सुमारें शंभर दुव्यांच्या अंतरावर सांपडतात. कारण अशा भरकटलेल्या चालींत अंतर वाढतें तें पावलांच्या संख्येच्या वर्गमूळाप्रमाणें. दोन दुवे एकाच जागीं बसूं शकत नाहींत ही गोष्ट जमेस धरून पॉल फ्लोरी या अमेरिकन शास्त्रज्ञानें पुढें तो हिशेब सुधारला, आणि मग तें अंतर अडीचशेंच्या घरांत गेलें. तरीही दहा हजारांची लांबी अडीचशेंत मावली! आमच्या एका सहकाऱ्यांच्या व्याख्यानांची आठवण येथें आम्हांस सहजच होते. तेही तासभर चालून निघाल्या जागेपासून फारसे दूर जात नाहींत.

आतां हें पाणी वाहूं लागलें म्हणजे काय होतें, हा खरा प्रश्न. नदीच्या मध्यावर पाणी वेगानें जातें आणि कांठाशीं रेंगाळतें; मधल्या अंतरांत थरांवरून थर घसरत असतात. अशा जागीं सांपडलेल्या गुंतवळाची एक बाजू पुढें ओढली जाते, दुसरी मागें राहते. तो ताणला जातो, पण ताणला जातां जातांच फिरतोही. फिरला कीं ताण सुटतो, सांखळी पुन्हां गोळा होते, आणि पुन्हां सारा प्रकार पहिल्यापासून सुरू होतो. थोडक्यांत, ती प्रवाहांत कोलांट्या उड्या मारीत जाते. दुसरा प्रवाह याहून निर्दय. दोन ओढे समोरासमोरून येऊन भिडले आणि दोन्ही बाजूंना फांकले, तर त्या संगमावर पाणी एकाच दिशेनें लांबत जातें. तेथें फिरण्याची सोय नाहीं, म्हणजे सुटकाही नाहीं. भेंडीची तार बारीक होत जाते तेव्हां तिच्या आंत हाच दुसरा प्रवाह चालूं असतो. तार तुटूं पाहते, पण तुटण्यासाठीं तिला आधीं लांबावें लागतें; लांबतांना आंतल्या सांखळ्या उलगडतात; आणि उलगडलेली सांखळी आणखी ताणूं देण्यास कांकूं करते. तार टिकते ती या कांकूंमुळें.

सांखळी हळूहळू उलगडत नाहीं, एकदम उलगडते. ही गोष्ट पियेर-जील द जेन या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकानें १९७४ सालीं मोठ्या मार्मिकपणें विशद केली. ताण दिलेल्या सांखळीला पुन्हां गोळा होण्यास जो वेळ लागतो त्या वेळांत प्रवाहाचा जोर तिला विशेष लांबवूं शकत नसेल, तर ती निश्चिंत असते. त्या मर्यादेपर्यंत प्रवाह वाढला तरी तिला दाद नसते. कारण गुंतवळाच्या आंत पाण्याचा शिरकाव होत नाहीं. बाहेरचे दुवे धक्के सोसतात आणि आंतल्यांना आडोसा देतात. पण मर्यादा ओलांडली कीं बाहेरचे दुवे थोडे दूर होतात, आंतले उघडे पडतात, प्रवाहाला धरावयास अधिक जागा मिळते, ओढ वाढते, आणि वाढलेल्या ओढीनें आणखी दुवे उघडे पडतात. घरांतील मोठीं माणसें एकामागून एक गेलीं म्हणजे व्यवहाराच्या झळा धाकट्यांना लागूं लागतात, त्यांतलाच हा प्रकार. याहून नवल पुढेंच आहे. एकदां उलगडलेली सांखळी प्रवाह थोडा मंदावला तरी मिटत नाहीं. त्याच वेगाच्या प्रवाहांत एक सांखळी मिटलेली आणि दुसरी उघडलेली राहूं शकते. कोणती कशी, हें तिचा पूर्वेतिहास ठरवितो. द जेनचें हें अनुमान सिद्ध होण्यास २००३ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं जंतूंच्या डीएनएची एक मिलिमीटरहून अधिक लांब सांखळी वापरावी लागली.

व्यवहारांत या विद्येचा उपयोग काय, असा प्रश्न करणारे वाचक असतातच. त्यांच्या समाधानासाठीं एवढें सांगतों कीं नळांतून खळखळत वाहणाऱ्या द्रवांत अशा लांब सांखळ्या दहा लाख भागांत कांहीं थोडे भाग या प्रमाणांत मिसळल्या तरी घर्षण निम्म्याहून कमी होऊं शकतें. सांखळ्या भोंवऱ्यांत सांपडून ताणल्या जातात आणि भोंवऱ्यांचाच जोर मोडतात. टॉम्स या इंग्रज शास्त्रज्ञानें हा चमत्कार १९४८ सालीं हॉलंडमधील परिषदेंत जाहीर केला. अलास्कांतील सुमारें १,३०० किलोमीटर लांबीच्या तेलवाहिनींत १९७९ सालापासून अशा सांखळ्या मिसळण्यांत येऊं लागल्या. आग विझविणाऱ्यांच्या नळ्यांतही त्यांचा प्रयोग झाला. मात्र हें काम करतांना सांखळ्या ताणून ताणून तुटतात, आणि तुटलेल्या सांखळीचा कांहीं उपयोग राहत नाहीं. म्हणून वाटेंत पुन्हां पुन्हां नव्या मिसळाव्या लागतात. हें तुटण्याचें प्रकरण वाचकांनीं लक्षांत ठेवावें; पुढें त्याच्याशीं आमचा संबंध येणार आहे. आपल्याकडेही हा विषय अगदींच परका नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. रघुनाथ माशेलकर यांनीं आपल्या संशोधनाचा मोठा भाग पॉलिमर आणि त्यांचे प्रवाह यांनाच वाहिला होता.

आम्ही नुकतेच नोकरीला लागलों होतों तेव्हांची, म्हणजे १९९७ सालची गोष्ट. आमच्या कॉलेजांत परदेशी नियतकालिकें येत नसत. परीक्षेच्या कामासाठीं परगांवीं गेलों असतां तेथील ग्रंथालयांत तीं वाचण्याचा आमचा परिपाठ असे. तेथें स्टॅनफर्ड येथील स्टीव्हन चू व त्यांचे सहकारी यांचा एक लेख आमच्या हातीं आला. त्यांनीं विषाणूच्या डीएनएच्या सांखळ्या घेतल्या. प्रत्येकींत ४८,५०२ जोड्या, एकही कमी नाहीं कीं जास्त नाहीं. माणसानें बनविलेल्या सांखळ्यांत लहानमोठ्या असतातच. निसर्गाच्या या मात्र टांकसाळींतल्या नाण्यांसारख्या तंतोतंत सारख्या. त्यांना प्रकाशणारा रंग देऊन समोरासमोरून येणाऱ्या दोन प्रवाहांच्या संगमावर सोडलें आणि सूक्ष्मदर्शकांतून एकेकीचें चित्र घेतलें. त्याच लांबीची सांखळी, तोच प्रवाह, तोच वेग. अपेक्षा अशी कीं सगळ्या सारख्याच उलगडतील.

तसें झालें नाहीं. एखादी दोन्ही टोकांना गोळे व मध्यें धागा अशी डंबेलसारखी झाली. एखादीचें एकच टोंक सुटलें आणि बाकीची गोळ्यांतच राहिली. एखादी मध्येंच दुमडली गेली, केसांतल्या आंकड्यासारखी, आणि ती घडी सुटण्यास तिला सर्वांत अधिक वेळ लागला. कांहीं झटकन् सरळ झाल्या. कांहीं, त्याच अवधींत, जेमतेम हलल्या. प्रवाहांत शिरण्याच्या क्षणीं कोणाचा गुंता कसा पडला होता आणि पहिले धक्के कोठून बसले, एवढ्यावर पुढील सर्व अवलंबून. त्याच अंकांत द जेननें या शोधावर एक टिपण लिहिलें आणि त्याला नांव दिलें 'रेणूंचें व्यक्तित्व'. तोंवर शास्त्रज्ञ रेणूंबद्दल बोलत ते सरासरीनें: अब्जावधींचें मिळून एक वागणें. आम्ही स्वतः हा लेख 'आम्ही' म्हणून लिहीत आहों, तेव्हां बहुवचनाच्या आड उभें राहण्याची सोय आम्हांस ठाऊक आहे. तें टिपण वाचून आम्हांस जो आनंद झाला तो मात्र निखालस एकवचनी होता.

शिक्षकाला येथें आपला वर्ग आठवणें अपरिहार्य आहे. तोच फळा, तीच व्याख्यानें, तीच खानावळ, आणि तीन वर्षांनीं साठ मुलांच्या साठ तऱ्हा. परीक्षा ठराविक दिवशीं ठराविक तासाला होते, आणि ज्याची घडी सुटण्यास सहा महिने अधिक लागणार असतात तो त्या दिवशीं नापास होतो. पण हा दृष्टान्त आम्ही फार ताणणार नाहीं. रेणूला मन नाहीं, त्याला घरची काळजी नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यांना दोन्ही आहेत.

येथपर्यंतचें सारें आम्ही कौतुकानें पाहत आलों होतों. दोन वर्षांपूर्वीं तें आमच्या घरांत शिरलें.

आमची सर्वांत वडील बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतों, ती आमच्याहून वीस वर्षांनीं मोठी. आईच्या माघारीं तिनेंच आम्हांला वाढविलें. आमचीं पहिलीं पुस्तकें तिच्या हातच्या बांगडीच्या पैशांतून आलीं होतीं. यजमान गेल्यापासून ती भाच्याजवळ असते. तिला अशक्तपणा येऊं लागला, दम लागूं लागला, तपासणींत रक्त कमी निघालें. पोटांतून रक्त जात होतें. लोहाच्या गोळ्या झाल्या, बाटल्यांनीं रक्त देऊन झालें, आंतड्यांत दुर्बीण घालून एक नाजूक झालेली रक्तवाहिनी सांपडली ती डागून झाली. दोन महिन्यांनीं पुन्हां रक्त जाऊं लागलें. त्याच सुमारास हृदयाच्या तपासणींत असें आढळलें कीं महारोहिणीची झडप चुनखडीसारखी कडक होऊन आकुंचली आहे. पोटाच्या वैद्यांनीं पोट पाहिलें, हृदयाच्या वैद्यांनीं हृदय पाहिलें. दोघांचे कागद दोन निरनिराळ्या पिशव्यांत राहिले. हृदयाचे वैद्य म्हणत, रक्तस्राव थांबेपर्यंत झडपेला हात लावतां येत नाहीं. पोटाचे वैद्य म्हणत, आम्ही डागतों तें टिकत कां नाहीं कळत नाहीं. अशीं पावणेदोन वर्षें गेलीं.

या दोन पिशव्या एकत्र केल्या त्या एका तरुण डॉक्टरीणबाईनें. ती बारावीस आमच्या वर्गांत होती. सगळे कागद तिनें शांतपणें वाचले, अक्काच्या छातीला नळी लावली आणि म्हणाली, "सर, रक्त पोटांतून जातंय, पण त्याचं कारण छातींत आहे. फॉन विलेब्रांड फॅक्टर तपासून घेऊं."

हें नांव ऐकतांच आम्ही खुर्चींत सरसावून बसलों. कारण ही आमची सांखळीच होती. १९२६ सालीं फिनलंडमधील एरिक फॉन विलेब्रांड या वैद्यानें ऑलंड बेटांवरील एका कुटुंबांतील रक्तस्रावाच्या विकाराचें वर्णन केलें; त्या कुटुंबाच्या रक्तांत ज्याची उणीव होती त्या प्रथिनाला पुढें त्याचें नांव मिळालें. हें प्रथिन म्हणजे एकसारख्या दुव्यांची फार मोठी सांखळी. तिचें काम असें. लहान धमनी फाटली कीं प्लेटलेट येऊन भोंक बुजवितात. पण तेथें रक्त इतक्या जोरानें वाहत असतें कीं भिंतीला चिकटण्यास त्यांना सवड मिळत नाहीं. एरवीं ही सांखळी रक्तांत गुंडाळलेली हिंडते आणि कोणाच्या वाटेला जात नाहीं. जखमेपाशीं मात्र जो प्रवाह प्लेटलेटना वाहून नेणार तोच प्रवाह या सांखळीला उलगडतो. उलगडली कीं तिच्यावरील चिकट जागा उघड्या पडतात, आणि ती एका हातानें भिंत व दुसऱ्या हातानें प्लेटलेट धरून ठेवते. प्रवाह जितका जोराचा तितकी पकड घट्ट! २००७ सालीं जर्मन संशोधकांनीं हें उलगडणें प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. मर्यादेपर्यंत कांहीं नाहीं, आणि मर्यादा ओलांडली कीं एकदम. द जेननें सांगितलें होतें त्याच थाटाचें.

पण या सांखळीवर एक पहारेकरी आहे. तिच्या प्रत्येक दुव्यांत एक जागा अशी आहे कीं ती घडीच्या आंत लपलेली असते आणि ताण पडल्यावरच बाहेर येते. ती बाहेर आली कीं रक्तांतील एक विकर कात्रीसारखें येऊन तेथें सांखळी कापतें. ही कात्री नसली तर लांबच लांब सांखळ्या नको तेथें गुठळ्या करीत सुटतात, आणि तो आजार जीवावर बेततो. म्हणजे ताणलें असतां चिकटावें आणि ताणलें असतां तुटावें, असा दुहेरी करार या एका धाग्यांत लिहिलेला आहे. आतां आकुंचलेली झडप घ्या. निरोगी झडपेचें द्वार तीनचार चौरस सेंटिमीटर असतें; अक्काचें एकाहून कमी झालें होतें. रक्त त्यांतून सेकंदाला एक मीटरच्या ऐवजीं चार मीटरहून अधिक वेगानें फवाऱ्यासारखें उडत होतें. हृदयाचे ठोके दिवसाला सुमारें एक लाख. शरीरांतील सर्व रक्त साधारण मिनिटाला एकदां त्या द्वारांतून जाणार. प्रत्येक फेरींत सांखळ्या ताणल्या जात होत्या, आणि कात्री आपलें काम चोख बजावीत होती. लांब सांखळ्या उरल्याच नव्हत्या. आंतड्यांतील नाजूक वाहिनी एरवींही पाझरली असती. पण ती बुजवावयास कोणी शिल्लक नव्हतें. १९५८ सालीं एडवर्ड हाइड या अमेरिकन वैद्यानें एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसें पत्र लिहून, आकुंचलेली झडप आणि पोटांतील रक्तस्राव या दोहोंची गांठ दहा रोग्यांत आपण पाहिली आहे, असें कळविलें होतें. कारण त्याला सांगतां आलें नव्हतें. त्या पत्राला उत्तर मिळण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

अक्काचा तपास आला. लांब सांखळ्या खरोखरच नव्हत्या. उपाय झडप बदलण्याचा. छाती न उघडतां मांडीच्या रक्तवाहिनींतून नवी झडप नेऊन बसविण्याची युक्ति फ्रान्समधील आलँ क्रिबिये यांनीं २००२ सालीं प्रथम केली, आणि आतां ती आपल्या मोठ्या शहरांतूनही होते. भाचा घाबरलेला होता. "मामा, तुम्ही सांगाल तसं," म्हणून तो मोकळा झाला. अक्का मुळींच तयार नव्हती.

"अरे, दुखणं पोटाचं आणि दुरुस्ती काळजाची? असं कुठं असतं का?" ती म्हणाली. "मला काय तुझ्या वर्गांत बसवलंयस?"

तिच्या मांडीवर नातवाच्या स्वेटरची लोकर होती. आम्हीं त्या गुंड्यावरूनच तिला सांगितलें कीं हा गुंडा गुंडाळलेला आहे तोंवर कात्रीला धागा सांपडत नाहीं. पण कोणी दर मिनिटाला तो खेंचून ताणूं लागला, आणि जवळ कात्री उघडीच ठेवलेली असली, तर संध्याकाळपर्यंत काय उरेल? तिनें गुंडा हातांत फिरवून पाहिला. "तुकडे," ती म्हणाली. थोड्या वेळानें पुन्हां म्हणाली, "आणि ओढणारा थांबवला तर?"

तिला तें पटलें, आणि नेमकें त्याच रात्रीं आमची झोंप उडाली. दृष्टान्त चांगला साधला म्हणून एका ७६ वर्षांच्या बाईला शस्त्रक्रियेच्या मेजावर पाठवावयाचें काय? २००३ सालीं फ्रान्समधील वैद्यांनीं अशा रोग्यांची पाहणी केली होती. झडप फार आकुंचलेल्यांपैकीं सुमारें पांचांत एकाला रक्तस्राव होता, आणि झडप बदलल्यावर दुसऱ्याच दिवशीं बहुतेकांच्या रक्तांत लांब सांखळ्या पुन्हां दिसूं लागल्या होत्या. बहुतेकांच्या! पांचांत एक, शंभरांत इतके, हे सर्व आंकडे पुष्कळांचे मिळून झालेले. आणि आमची अक्का एकच. सारख्या सांखळ्या सारख्या प्रवाहांत सारख्या वागत नाहींत हें पंचवीस वर्षें कौतुकानें मुलांना सांगितलेलें होतें. तें आतां आमच्या उशाशीं येऊन बसलें. सरासरीखेरीज आमच्या हातीं दुसरें कांहीं नव्हतें, आणि सरासरी शस्त्रक्रियेच्या बाजूची होती. कांहीं न करणें हाही एक निर्णयच होता, आणि त्याची सरासरी कशी असते तें आम्हीं डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलें होतें. सकाळीं भाच्याला दूरध्वनि करून आम्हीं होकार कळविला.

झडप बसवून आतां चौदा महिने झाले. तिसऱ्या दिवशीं अक्का खोलींतल्या खोलींत चालूं लागली. आठव्या दिवशींच्या तपासांत लांब सांखळ्या होत्या. रक्त पुन्हां गेलेलें नाहीं. तें भरून येण्यास मात्र सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत प्रत्येक तपासाच्या कागदाकडे आम्हीं निकालपत्रकाकडे पाहणाऱ्या मुलाप्रमाणें पाहिलें. त्या विभागांतच हृदयाला पंप जोडलेला एक तरुण होता. डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें कीं अशा पंपांतही रक्त वेगानें फिरवलें जातें आणि त्याच सांखळ्या तशाच कापल्या जातात. रोग्यांना रक्तस्राव होतो. म्हणून पंप बनविणारे आतां त्यांच्या आंतली वाट अधिक रुंद व सौम्य करण्याच्या मागें आहेत.

गेल्या महिन्यांतील तपासणीच्या वेळीं अक्कानें डॉक्टरांना विचारलें कीं ही झडप टिकेल किती. दहा वर्षें तरी टिकावी, असें ते म्हणाले.

"म्हणजे मी शहाऐंशींची," अक्का म्हणाली. आणि पुढची तारीख लिहून घेण्यासाठीं तिनें आमच्याकडे पेन मागितलें.